आठ मार्च आणि बायकांचा रविवार

मार्च महिना उजाडला की आपला भाव एकदम वधारतो. सराफाकडे घडणावळीवर सूट, साड्यांच्या दुकानात दोनवर एक मोफत, पार्लरमध्ये फेशियल केलं तर आयब्रो फुकट! बँकेत जावं तर काउंटरवर गुलाबाचं फूल, ऑफिसात केक, सोसायटीत संगीतखुर्ची. आणि मोबाइलवर तर पहाटेपासून शुभेच्छांचा नुसता पाऊस. तू आई आहेस, तू भगिनी आहेस, तू दुर्गा आहेस, तू अष्टभुजा आहेस... हे अष्टभुजा म्हटलं ना, की मला जरा धास्तीच वाटते. आठ हात दिले की आठ हातांचं काम आलंच पाठोपाठ!

मी या कौतुकाच्या विरोधात मुळीच नाही. वर्षातून एकदा का होईना, कुणी फूल दिलं तर ते घ्यावं, केसात माळावं, फोटोही काढावा. पण हा दिवस आला कुठून, असं विचारलं की पुष्कळ जणी अडखळतात. गेली बरीच वर्षं मी मार्चमध्ये महिला मंडळांत बोलायला जाते. तिथल्या प्रास्ताविकात हमखास एक गोष्ट ऐकायला मिळते. ८ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कमध्ये कापडगिरणीतल्या बायकांनी मोर्चा काढला, म्हणून हा दिवस. गोष्ट छान आहे, पण फ्रान्समधल्या स्त्री-अभ्यासकांनी तिचा माग काढला तेव्हा त्या मोर्चाचा त्या काळातला पुरावा काही सापडला नाही. ही कथा १९५०च्या दशकात फ्रेंच वर्तमानपत्रांतून पुढे आली आणि मग जगभर फिरली.

खरी गोष्ट मात्र याहून रंगतदार आहे. आणि मला तिच्यात सगळ्यात आवडतो तो एक साधा तपशील. पहिला महिला दिन आठ मार्चला नव्हता. तो होता २८ फेब्रुवारी १९०९ला. अमेरिकेतल्या समाजवादी पक्षाच्या बायकांनी तो ‘राष्ट्रीय महिला दिन’ म्हणून पाळला आणि त्यात पुढाकार होता थेरेसा मल्किएल यांचा. ही बाई रशियन साम्राज्यातून न्यूयॉर्कला आली, कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करून पोट भरू लागली आणि पुढे कामगार चळवळीत उतरली. तर या दिवसासाठी फेब्रुवारीचा शेवटचा रविवार धरला गेला. रविवारच का? कारण सरळ आहे. कारखान्यात राबणाऱ्या बाईला सभेला यायचं तर रविवारखेरीज दुसरा दिवसच नव्हता!

तोही सगळ्यांना मिळत होताच असं नाही. न्यूयॉर्कच्या ‘ट्रँगल’ नावाच्या ब्लाउज शिवण्याच्या कारखान्यात अगदी लहान वयात कामाला लागलेल्या पॉलीन न्यूमन पुढे कामगार संघटनेच्या मोठ्या कार्यकर्त्या झाल्या. त्यांनी सांगून ठेवलंय की कारखान्यात एक पाटी असायची. रविवारी आला नाहीत तर सोमवारीही यायची गरज नाही, अशा अर्थाची. म्हणजे सुट्टी घ्या, आणि कायमचीच घ्या!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात मोठी सभा भरली. पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं चालली होती. तेवढ्यात क्लारा लेमलिच नावाची तेवीस वर्षांची शिवणकामगार मुलगी पुढे आली आणि म्हणाली, आता बोलणं पुरे, संप करायचा. वीस हजारांच्या आसपास कामगार कामावरून बाहेर पडले. त्यात बहुतेक तरुण मुली, परदेशातून आलेल्या, धड इंग्रजीही न येणाऱ्या. हा संप १९१०च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. पुष्कळ कारखान्यांनी कामाचे तास कमी केले, मजुरी वाढवली. ट्रँगलच्या मालकांनी मात्र संघटनेला मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११ला, शनिवारी संध्याकाळी काम सुटायच्या वेळी तिथे आग लागली. एका जिन्याचा दरवाजा कुलूपबंद होता. मुलींनी काही चोरून नेऊ नये म्हणून मालक असा बंदोबस्त ठेवत. १४६ माणसं गेली, त्यातल्या १२३ बाया आणि मुली. ही आग रस्त्यावरून डोळ्यांनी पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. त्याच पुढे १९३३मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या, तिथल्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. त्या कुलपाचा विसर त्यांना कधीच पडला नाही.

इकडे युरोपात, ऑगस्ट १९१०मध्ये कोपनहेगनला समाजवादी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १७ देशांतून शंभरावर बायका आल्या होत्या. जर्मनीच्या लुईझे झिएट्झ यांनी दरवर्षी एक महिला दिन पाळावा अशी सूचना मांडली आणि क्लारा झेटकिन यांनी ती उचलून धरली. तारीख तेव्हा ठरली नव्हती. मुख्य मागणी होती मताच्या हक्काची. पुढच्या वर्षी १९ मार्चला जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय महिला दिन झाला. दहा लाखांहून जास्त माणसं सभांना आणि मोर्चांना आली. कॅलेंडर काढून बघितलं तर तोही रविवारच! त्या चार देशांपैकी स्वित्झर्लंडमधल्या बायकांना देशपातळीवरच्या मतासाठी १९७१पर्यंत थांबावं लागलं. आपल्या आज्या तोवर कितीतरी लोकसभा निवडणुकांत मत देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

मग आठ मार्च आला कुठून? १९१४मध्ये जर्मनीत महिला दिन ८ मार्चला झाला. तोही रविवार होता. पण ही तारीख पक्की झाली ती रशियातल्या बायकांमुळे. १९१७ साल, पहिलं महायुद्ध चाललेलं. पेट्रोग्राड शहरात कडाक्याची थंडी, पावासाठी तासन् तास रांगा, आणि कधी कधी रांगेत उभं राहूनही हात हलवत घरी परत. ८ मार्चला, रशियातल्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे २३ फेब्रुवारीला, कापडगिरण्यांतल्या बायका काम टाकून रस्त्यावर आल्या. पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, एवढ्यात संप नको. पण ज्यांना रोज पोराबाळांच्या पानात काहीतरी वाढायचं असतं, त्या मुहूर्त बघत बसत नाहीत. शेजारच्या कारखान्यांतल्या पुरुषांनाही त्यांनी बाहेर काढलं. सात दिवसांत झारला गादी सोडावी लागली आणि त्याच वर्षी तिथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. तो दिवस होता गुरुवार! इतकी वर्षं बायका रविवारची वाट पाहत होत्या. या वेळी त्यांनी कामाच्या दिवशी काम थांबवलं. १९२१मध्ये मॉस्कोच्या कम्युनिस्ट स्त्रियांच्या परिषदेनं ८ मार्च हीच तारीख ठरवली. संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजरं केलं आणि डिसेंबर १९७७मध्ये सर्व देशांना असा दिवस पाळण्याचं आवाहन केलं.

हे सगळं झालं परदेशातलं. पण सुट्टीचा हा धागा आपल्याही अंगणातून गेलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी बायका मोठ्या संख्येनं काम करत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून १८८४पासून मागणी लावून धरली. एप्रिल १८९०मध्ये मुंबईत दहा हजारांवर कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायकांनीही उभं राहून भाषणं केली. विचार करा, १८९० साल! चार पुरुषांत बाईनं मान वर करायची नाही, असा काळ. त्यांचा पदर डोक्यावर असेल, आवाज कापला असेल की खणखणीत लागला असेल, देव जाणे. पण त्या बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण ‘संडे आहे, जरा उशिरा उठू’ म्हणतो, त्या संडेमध्ये त्या दोघींचाही वाटा आहे.

पुढे १९७२-७३च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. १९७५च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात स्त्रीमुक्तीची मोठी परिषद झाली. आणि ८ मार्च १९८०ला तर या दिवसानं आपल्याकडे खरोखर कायदा हलवला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा या आदिवासी मुलीवर १९७२मध्ये पोलीस ठाण्यातच बलात्कार झाला होता. सर्वोच्च न्यायालयानं १९७८मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. त्याविरुद्ध कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं आणि त्या आठ मार्चला अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. म्हणजे बघा, तास, मत, पाव, कायदा... या दिवशी बायकांनी दरवेळी काहीतरी नेमकं मागितलं आहे. नुसतं ‘आमचा सन्मान करा’ असं नाही.

आणि एक गंमत सांगते. पुण्यात परिषद झाली त्याच ऑक्टोबर १९७५मध्ये तिकडे आइसलंड या चिमुकल्या देशात बायकांनी चक्क सुट्टी घेतली! २४ तारखेला शुक्रवार होता. नव्वद टक्के बायकांनी त्या दिवशी ना ऑफिसचं काम केलं, ना घरचं. संप हा शब्द पुष्कळ जणींना जड वाटला असता, म्हणून नाव दिलं ‘बायकांचा सुट्टीचा दिवस’. शाळा बंद, मासळीचे कारखाने बंद, टेलिफोनवर कुणी नाही. वडील मंडळी पोरांना काखोटीला मारून ऑफिसात गेली. दुकानांतले सॉसेज संपले, कारण पुरुषांना पटकन करता येण्यासारखं तेवढंच होतं! पुढच्या वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला आणि १९८०मध्ये विगदिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. २०२३च्या २४ ऑक्टोबरला पुन्हा अशी दिवसभराची सुट्टी झाली, तेव्हा तिथल्या पंतप्रधान बाईंनीही काम बंद ठेवलं.

आता आपल्या घरात या. रविवार म्हणजे काय असतं हो आपल्याकडे? नाश्त्याला काहीतरी स्पेशल, दुपारी साग्रसंगीत जेवण, आठवड्याचे कपडे, पंखे पुसणं, मुलांचा अभ्यास, संध्याकाळी पाहुणे. नोकरी करणारीचा तर रविवार सोमवारपेक्षा मोठा! सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९मध्ये दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. आणि जे पुरुष घरकाम करतात, ते ९७ मिनिटं. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली. आणि त्यांचीही नऊ!

मध्यंतरी एका वसाहतीतल्या महिला मंडळात मी हा सगळा इतिहास सांगितला आणि मग प्रत्येकीच्या हातात एक चिठ्ठी दिली. ‘उद्या तुम्हाला पूर्ण दिवसाची सुट्टी मिळाली, तर काय कराल?’ नाव लिहायचं नव्हतं. मला वाटलं, सिमला-मनाली, सिनेमा, खरेदी असं काही येईल. पण चिठ्ठ्या उघडल्या तर ‘झोपेन’, ‘कुणी उठवू नये’, ‘गरम पोळी खाईन, दुसरीनं केलेली’, ‘दार लावून बसेन’. एका चिठ्ठीवर काहीच नव्हतं. एक सत्तरीच्या आजी म्हणाल्या, ‘‘अगं, माझं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस हॉस्पिटलात होते. तीच काय ती सुट्टी. फार बरं वाटलं बघ.’’ सगळ्या हसल्या. मग हळूहळू हसू थांबलं.

तेवढ्यात चहाचे कप गोळा करणाऱ्या मावशींना कुणीतरी म्हणालं, ‘‘मावशी, तुम्ही सांगा की!’’ त्या वसाहतीतल्याच पाच घरी धुणीभांडी करतात. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, ‘‘मला काय कुठं जायाचं न्हाई ताई. मैन्यातून दोन दिस सुट्टी पायजे, पगार न कापता. आन् परत आल्यावर माझ्या जागी दुसरी बाई नसावी.’’

सभा एकदम गप्प झाली. मग एक जण जरा तोडूनच म्हणाली, ‘‘मावशी, तुमचं बरोबर आहे हो. पण तुम्ही नाही आलात की भांडी कोण घासतं? मीच ना? आधीच रविवारी घाण्याला जुंपल्यासारखी असते मी. तुम्हाला रविवार दिला की माझा गेला!’’ तिचंही काही खोटं नव्हतं. आणि मावशींचंही नव्हतं. दोघींनी एकाच चतकोर रविवारासाठी ओढाताण करायची, आणि घरातली बाकीची मंडळी मात्र टीव्हीसमोर! दुसरी एक जण हळूच म्हणाली, ‘‘पण आमच्याकडे भांडी फक्त आपण दोघीच खराब करतो का?’’

मावशींनी मागितलं ते काही नवं नव्हतं. १९८०मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. आजारपणामुळे कामावर न येऊ शकलेल्या एकीच्या जागी दुसरी बाई ठेवली, एवढ्यावरून ठिणगी पडली आणि बघता बघता आसपासच्या बायका काम थांबवून एकत्र आल्या. पगारवाढ आणि भरपगारी सुट्टी या त्यांच्या मुख्य मागण्या. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात २००८मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांसाठी करार केला, त्यात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती हवी असं स्पष्ट म्हटलं आहे. पण आपल्या सोसायट्यांतून ही गोष्ट अजून दारातच ठरते. ताई म्हणतील तसं.

त्या दिवशी मंडळात बरीच घासाघीस झाली. क्रांतीबिंती काही झाली नाही. पण बाराजणींपैकी पाच जणींनी तिथल्या तिथे ठरवलं, महिन्यातले दोन रविवार मावशींना सुट्टी, पगार न कापता. आणि त्या रविवारची भांडी घरातल्या पुरुषमंडळींनी आणि मुलांनी घासायची. उरलेल्या सात जणी म्हणाल्या, विचारून सांगतो. कुणाला विचारून, ते मी विचारलं नाही! महिन्याभरानं मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. पाचपैकी चार घरी बेत टिकून आहे. एका घरी सासूबाईंनी ‘माझा मुलगा भांडी घासणार नाही’ म्हणून मोडता घातला. आणि सातांपैकी दोघी नव्यानं तयार झाल्यात. वजाबाकी-बेरीज करून सहा. मला हा हिशेब वाईट वाटला नाही.

कारण मैत्रिणींनो, जुन्या बायकांनीही असंच मोजून मागितलं होतं. इतके तास, इतकी मजुरी, एक मत, एक रविवार. ‘मला सुट्टी हवी’ असं नुसतं म्हटलं की घरचे म्हणतात, ‘घे की, कोण नको म्हणतंय?’ आणि मग कुकर आपणच लावतो. म्हणून तपशील ठरवून मागायचं. कोणता दिवस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि त्या वेळात कुठलं काम कोण करणार. हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं तरी चालेल. आणि त्याच कागदावर आपल्याकडे राबायला येणाऱ्या बाईच्या सुट्टीचे दिवसही लिहायचे. तिची सुट्टी आपल्या वाटची कापून द्यायची नाही, घरातल्या इतरांच्या वाटची द्यायची.

रशियात आठ मार्चला सार्वजनिक सुट्टी असते, चीनमध्ये बायकांना अर्धा दिवस. आपल्याकडे तशी नाही. पण २०२६ सालचा आठ मार्च आलाय रविवारी, थेट १९१४ सालासारखा. मुद्दाम मागून घ्यावी अशी हीच तारीख. आणि मग महिन्याला निदान एक रविवार तरी सुटू देऊ नका. गुलाब मिळाला तर घ्या, केक आला तर खा. मात्र केकची प्लेट कोण धुणार, ते कापायच्या आधी ठरवा!